जायच्या आधी: चिपळूण, कोल्हापूर, मिरज, मंगळवेढा

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी जर्मनीला जाते आहे. स्टुटगार्टजवळच्या एका गावात, रुग्णालयात नर्स म्हणून. पुण्यातली नोकरी ७ जानेवारीला सुटली आणि मधे जेमतेम महिना राहिला. त्यातले सहा दिवस मी सगळ्यात आधी बाजूला काढले. मिरजेत नर्सिंगला असताना चार खाटांच्या खोलीत माझ्याबरोबर राहिलेल्या तिघी आणि मला वॉर्डातलं काम हाताला धरून शिकवणाऱ्या एक ताई, अशा चौघींना भेटायचं होतं. फोनवर रोज बोलणं होतं, पण मला त्यांच्या घरात बसून त्यांच्या हातचं जेवायचं होतं. नावं लिहायला चौघींनीही नको म्हटलं, म्हणून हॉस्टेलातली टोपणनावंच वापरते: बारकी, आपा आणि मास्तरीण. ताईंना आम्ही तेव्हाही ताईच म्हणायचो.

आणखी एक गोष्ट मनात होती, ती निघताना कुणाला बोलले नव्हते. आई मंगळवेढ्यात एकटी राहते. वडील नाहीत, भाऊ नोकरीनिमित्त सुरतेला. गेल्या दिवाळीनंतर चक्कर येऊन ती अंगणात पडली आणि शेजारणीच्या लक्षात यायला तासभर गेला. पुण्याहून रात्रीत पोचता यायचं. जर्मनीहून कसं यायचं? ‘तिच्याकडे जरा लक्ष ठेवशील का’ एवढं एक वाक्य मास्तरणीला विचारायचं होतं, आणि दोन महिने ते तोंडातून निघत नव्हतं.

८ जानेवारी, गुरुवार: पुणे ते चिपळूण

सकाळी स्वारगेटहून एसटी धरली. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. पाटणला चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून उभी होते एवढी थंडी, आणि घाट उतरून पोफळीला आलो तर स्वेटर काढून मांडीवर घ्यावा लागला.

बारकी स्टँडवर स्कूटर घेऊन उभी होती, ड्यूटीच्या कपड्यांतच. डायलिसिस विभागात नर्स आहे ती. वर्गात सगळ्यांत लहान म्हणून बारकी, आता दोन मुलांची आई. मला बघून पहिलं वाक्य, “काय गो, जर्मनीला जातेस ना, मग एवढीशी बॅग घेऊन?” तिला वाटलं होतं मी अशीच पुढे जाणार आहे. स्कूटरवर बसेपर्यंत दोघींचे डोळे भरून आले होते.

तिचं घर बाजारपेठेजवळ. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं ते जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलं. भिंतींना नंतर रंग दिला, पण दरवाजामागची वीतभर पट्टी तिने मुद्दाम तशीच ठेवली आहे. गाळाची रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर आहे. त्या रात्री ती कामावर होती, मुलं सासूबाईंजवळ वरच्या मजल्यावर. दीड दिवस तिला त्यांचा आणि त्यांना तिचा पत्ता नव्हता. हे मला तिने फोनवर कधी एवढं सविस्तर सांगितलं नव्हतं. भाकऱ्या थापता थापता, माझ्याकडे पाठ करून सांगितलं.

जेवण झाल्यावर तिने कपाटाच्या वरच्या फळीवरून जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. हॉस्टेलचा अल्बम. पाण्याने फुगून दुप्पट जाड झालेला, पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. नाकाशी नेला तर अजून गाळाचा वास येतो. एकच पान उघडतं. त्यावरच्या फोटोचा रंग विरघळून पिवळे-गुलाबी ओघळ आलेत, माणसं सगळी गेली आहेत. खाली कोपऱ्यात फक्त बूट उरलेत, आठ पांढरे बूट, एका ओळीत.

मी पुण्याहून माझ्याजवळच्या फोटोंच्या छापील प्रती करून नेल्या होत्या, चौघींसाठी चार पाकिटं. त्यात तोच फोटो होता: पहिल्या वर्षी हातात मेणबत्ती घेऊन शपथ घेतली त्या दिवसाचा. बारकीने हात पुसले, पाकीट उघडलं, पुन्हा हात पुसले. मग तो नवा फोटो त्या बुटांच्या पानावर अलगद ठेवला आणि बोटाने वरून खाली मोजत आली. “हे सुटलेल्या नाडीचे बूट कोणाचे, इतकी वर्षं मला कळत नव्हतं. आपाचे गो.” त्या रात्री आम्ही दोनपर्यंत जागलो.

जेवायला कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं. सकाळी घावन आणि गूळ घातलेला नारळाचा रस. निघताना कोकमाच्या आगळाची बाटली हातात.

(परदेशी जाणाऱ्यांसाठी: मैत्रिणी जे जे देतील ते सगळं नेता येत नाही. युरोपीय संघात बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःच्या खाण्यापुरतेही चालत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा घातलेल्या करंज्या घरीच ठेवा. ताज्या फळ-भाज्यांना रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून नारळ, केळी, खजूर, अननस अशी मोजकी फळं सुटतात. मसाले, चटण्या, पापड, लाडू यांचं जमतं, पण तुपातले लाडू टाळलेले बरे. आगळ सामानाच्या बॅगेतच, दोन पिशव्यांत बांधून.)

९ जानेवारी: आंबा घाटातून कोल्हापूर

कराडवरून सरळ गेले असते तर लवकर पोचले असते, पण आंबा घाट जायच्या आधी पुन्हा बघायचा होता. संगमेश्वर, देवरुख, साखरपा असं तुकड्या-तुकड्याने आले आणि साखरप्याला एसटीची वाट न बघता वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, धरलं. ते चुकलं. घाटात मधोमध चाक बसलं आणि गाडीत स्टेपनी नव्हती. तासाहून जास्त वेळ आम्ही नऊ माणसं कठड्याशी बसलो.

पण समोर दरी होती. सकाळचं धुकं तळाशी साचलेलं, त्यातून झाडांचे शेंडे वर आलेले. शेजारी मलकापूरला लेकीकडे निघालेल्या एक आजी होत्या, पिशवीत आवळे. त्यांनी विचारलं, “कुठं जायचं बाई?” मी म्हटलं, जर्मनीला जाणार आहे नोकरीला, त्याआधी मैत्रिणींना भेटत चालले आहे. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, “आन आईला?” मी म्हटलं, तिच्याकडे शेवटी. “शेवटी नगं,” एवढंच म्हणाल्या आणि ओंजळभर आवळे माझ्या ओढणीत टाकले. तो शब्द पुढचे तीन दिवस माझ्याबरोबर फिरला.

(घाटातून जाताना एसटीच धरा. महिलांना मार्च २०२३ पासून राज्यभर एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत तिकीट निम्मं आहे, या अख्ख्या प्रवासात मला त्याचा मोठा आधार झाला. वडापला बसायची वेळ आलीच तर आधी स्टेपनी आहे का ते विचारा.)

कोल्हापुरात पोचायला संध्याकाळ झाली. ताईंनी घरी न नेता आधी गंगावेशीत नेलं. तिथे म्हशी चौकात आणून समोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास तसाच हातात देतात. शिकत असताना आम्ही चौघी एकदा ताईंबरोबर आलो होतो, तेव्हा पैसे ताईंनी दिले होते. या वेळी मी पुढे झाले तर त्यांनी माझा हात धरून खाली केला. “तिकडनं आलीस की दे.”

१० जानेवारी: ताई

ताई सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. आता भाचीच्या मुलांना सांभाळतात, संध्याकाळी गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं बीपी बघतात. त्यांच्या दारात खुर्ची असते आणि बाजूला पाण्याचा तांब्या.

ताईंनी मला काय शिकवलं हे नर्स नसलेल्यांना सांगणं अवघड आहे. एक सांगते. एका आजोबांना सलाईन लावायचं होतं आणि मला शीर सापडत नव्हती. दोनदा टोचलं. तिसऱ्यांदा माझा हात थरथरायला लागला. ताई मागून आल्या, माझ्या हातातली सुई काढून घेतली नाही. माझं बोट धरून आजोबांच्या मनगटावर ठेवलं आणि म्हणाल्या, “डोळं मिट. बघू नको, हाताला लागंल.” लागली. मोठमोठ्या रुग्णालयांत काम केलं, आयसीयूत काढली वर्षं, पण अजून शीर शोधताना मी क्षणभर डोळे मिटते.

दुपारी पांढरा रस्सा वाढता वाढता त्यांनी माझी सगळी हकिकत काढून घेतली. सरकारतर्फे चाललीस का, विचारलं. महाराष्ट्राने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला, ते त्यांनी पेपरात वाचलं होतं. मी म्हटलं, नाही, मी आपली स्वतः अर्ज करून चालले आहे, त्याच राज्यात. भाषेचं विचारलं. बी-टू पातळीच्या परीक्षेचे चार भाग: वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकात शंभरातले साठ लागतात. पहिल्या वेळी माझा बोलण्याचा भाग राहिला, तो तेवढा पुन्हा दिला आणि निघाला. गेल्या गेल्या मी पूर्ण नर्स नसेन, आपलं शिक्षण तिथे मान्य होईपर्यंत साहाय्यक म्हणून काम करावं लागेल, हेही सांगितलं. तिथे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे सगळं नर्सच करते, नातेवाईक नाही. बारा वर्षं काम केल्यावर हे पुन्हा पहिल्यापासून करायचं, याने माझ्यासारख्या बऱ्याच जणी खट्टू होतात.

ताई म्हणाल्या, “त्यात कमीपणा कसला? आमच्या वेळी स्पंजिंग आम्हीच करायचो. अंग पुसताना पेशंट कळतो गं. कुठं दुखतंय, कुठं सुजलंय, रात्री रडलाय का. चार्ट वाचून न्हाई कळत.” हे ऐकल्यापासून माझ्या मनातला एक काटा गेला.

मग ताट बाजूला सारून त्यांनी विचारलं, “आईचा हँडओव्हर कुणाला दिलास?”

वॉर्डात ड्यूटी संपली तरी हँडओव्हर दिल्याशिवाय आम्ही हलत नाही. एक-एक खाट करत पुढच्या पाळीच्या नर्सला सगळं सांगायचं: काय झालं, काय दिलं, काय राहिलं. मी गप्प बसले. ताईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. कांदा-लसूण मसाल्याची किलोभराची पिशवी बांधायला आत गेल्या.

११ जानेवारी, रविवार: मिरज

कोल्हापूर-मिरज रेल्वेने तासाभराचं अंतर. स्टेशनवर उतरल्यावर पाय आपोआप हॉस्टेलच्या रस्त्याला लागले. आता तिथे नवी इमारत आहे, आमच्या खोलीची खिडकी नाही. समोरच्या गाड्यावरचे मामा मात्र आहेत. त्यांनी ओळखलं नाही, पण चहात आलं जास्त घातलं, जसं आम्ही सांगायचो तसं. सगळ्यांनाच तसा देतात म्हणे आता.

आपाचं सासर सतारमेकर गल्लीजवळ. सासरे आणि दोन दीर तंबोरे करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो कागद त्यांनी चौकट करून लावलाय. आपा आठवड्यातून तीन-चार नाईट करते आणि दुपारी झोपून उठली की भोपळ्यावर पॉलिशचा हात मारायला बसते. तिच्या बोटांच्या पेरांना लाखेचा रंग आहे, तो हातमोज्यांखाली झाकला जातो.

तिचे सासरे, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, जवारी काढत होते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पृष्ठभागावरून कानस फिरवायची, इतकी हलकी की भुकटीसुद्धा दिसत नाही. मग तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. तार आणि घोडी यांच्या मधे सुताचा बारीक धागा सरकवायचा. धागा नको तिथे असेल तर तार नुसती वाजते. नेमक्या जागी आला की सूर एकदम उघडतो, तारेतून दुसरे सूर बाहेर पडायला लागतात. केसभर पुढे-मागे झालं की गेला. चाचा तो धागा नखाने सरकवत होते आणि मी श्वास धरून बसले होते. अर्धा तास गेला असेल. मग त्यांनी मला भोपळ्याला कान लावायला सांगितलं. लाकडातून सूर आला तो आधी गालाला लागला, मग कानाला.

“हा भोपळा तुमच्या गावाकडचा,” चाचा म्हणाले. इथले भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या काठच्या शेतांतून येतात. साडेतीन वर्षं मिरजेत काढून मला हे ठाऊक नव्हतं.

आपाला फोटोंचं पाकीट दिलं. बुटांच्या नाडीची गोष्ट सांगितली तेव्हा ती पोटभर हसली आणि हसता हसता रडायला लागली. तिच्या नाईटला आठला निघायचं होतं. मी तिच्याबरोबर तिच्या वॉर्डाच्या दारापर्यंत गेले. तिने युनिफॉर्मवरचं उलटं लावायचं घड्याळ काढलं, नाडी मोजायचं, आणि माझ्या ओढणीला टाचलं. मी म्हटलं, अगं, आत्ता ड्यूटी आहे ना तुझी? म्हणाली, “भिंतीवर आहे मोठं. जा आता, मागं बघू नकोस.” मी बघितलं. ती दारातच उभी होती.

(मैत्रीण नर्स असेल तर जायच्या आधी तिची पाळी विचारा. नाईट संपवून आलेल्या बाईला गप्पांसाठी जागवू नये. आपाकडे मी दुपारी चारनंतर गेले ते यासाठीच.)

१२ जानेवारी: रेल्वे आणि हुरडा

मिरजेहून कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या गाडीने पंढरपूर. पूर्वी ही बार्शी लाइटची छोटी रेल्वे होती, आई लग्नानंतर तिच्यातूनच माहेरी मिरजेला जायची. आता रुंद मार्ग झालाय. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पिण्याचं पाणी घेऊन टँकरची रेल्वे गेली ती याच रुळांवरून. कवठेमहांकाळच्या आसपास द्राक्षांच्या बागा, सांगोल्याकडे डाळिंबं, आणि मग माळ संपून काळी जमीन सुरू झाली की मला घर जवळ आल्याचं कळतं.

पंढरपूरला नामदेव पायरीशी डोकं टेकलं, कळसाचं दर्शन घेतलं. रांगेत थांबले नाही. आजींचा ‘शेवटी नगं’ कानात होता. तडक एसटीने मंगळवेढा.

आई दारातच बसली होती. तिने माझ्या ओढणीवरचं घड्याळ बघितलं आणि विचारलं, “हे गं कुणाचं?” मी सांगितलं. तिला आपाचं नाव, तिच्या मुलाचं नाव, त्याची इयत्ता, सगळं पाठ होतं. आई आमच्या चौघींचीच होती तेव्हा. सुट्टीत तिघी आमच्याकडे यायच्या, भाकऱ्या बडवायला बसायच्या.

संध्याकाळी मास्तरीण मोटरसायकलवर नवऱ्याला मागे बसवून आली. ती इथेच तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आहे. परीक्षेआधी आम्हाला शिकवायची म्हणून मास्तरीण. तिच्या शेतात हुरड्याला गेलो, आईलाही घेऊन.

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी सगळ्यांना माहीत असते. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारं उघडली ती याच गावची. पण मालदांडी भाकरीची. हुरड्याला सुरती, गूळभेंडी अशा वेगळ्या वाणांची चार-दोन ओळी पेरतात. दाणा दुधाळ पण भरलेला हवा, दोन-चार दिवस उशीर झाला तर निबर होतो. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, ज्वाळ विझून लाल निखारे झाले की कणसं त्यात खोचायची. तीन-चार मिनिटांत वास सुटतो. ते गरम कणीस दोन तळव्यांत धरून चोळायचं. मला ते जमेना, हात पोळला. आईने माझ्या हातातून कणीस घेतलं आणि चोळलं. तिच्या तळव्यांना काही होत नाही. हिरवे दाणे ताटात पडले, तिने फुंकर मारून कोंडा उडवला आणि पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली. शेंगाची चटणी, गूळ, कवडी दही. थंडी वाढत होती आणि पाठ गार, तोंड गरम असं आम्ही आगटीभोवती बसलो होतो.

तेवढ्यात आई उठली आणि अंधारात एक पाऊल चुकली. पडली नाही, मास्तरणीने तिला दंडाला धरलं. धरून ठेवलं, आणि तसंच बोटं खाली सरकवत मनगटापर्यंत आणून नाडी बघितली. मी समोरून बघत होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “संध्याकाळची गोळी घेतलेली नाही त्यांनी. विचार हवं तर.” आईने मान खाली घातली. खरंच घेतली नव्हती.

तेव्हा मी विचारलं. सगळ्यांसमोर, आगटीच्या पलीकडून. दोन महिने जमवलेलं वाक्य काही आलं नाही, नुसतंच “बघशील का गं?” म्हटलं. मास्तरीण रागावली. म्हणाली, “हे विचारायला तू चिपळूण, कोल्हापूर करत आलीस? फोन झाला तेव्हाच म्हणायचं ना. मी महिनाभर वाट बघतेय तू कधी बोलतेस त्याची.”

(हुरड्याला जायचं तर डिसेंबरअखेर ते जानेवारी. शेतात आधी कळवून जा, कणसं त्याच दिवशीची हवीत. आणि पाणी पिण्याआधी थोडं थांबा, हुरड्यावर लगेच पाणी पोटाला बाधतं असं इकडे सांगतात.)

१३ जानेवारी: भोगी

भोगीचा दिवस. आई पहाटेच उठून न्हाली. वांगं, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरं, उसाचे करवे, शेंगदाणे आणि तिळाचं कूट असं सगळं एका भाजीत. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी. न खाई भोगी तो सदा रोगी. लोण्यासाठी मी काही बोलले नाही.

मास्तरीण ड्यूटीला जाताना आली. येताना शंभर पानी वही घेऊन आली आणि जमिनीवर मांडी घालून पट्टीने रकाने आखले. आईला समोर बसवून एक-एक गोळी विचारली, पाकिटं उलटसुलट करून बघितली, दोन मुदत संपलेली बाजूला काढली. तिचं अक्षर परीक्षेच्या पेपरातल्यासारखं, गोल. पहिल्या पानावर आमच्या सवयीनं लिहिलं: खाट क्रमांक १. वय ६४. बीपी, शुगर. पडण्याचा धोका: आहे. नातेवाईक: मुलगी, परगावी. ‘परगावी’ लिहून ती क्षणभर थांबली. मला वाटलं, खोडून परदेशी लिहील. तसंच ठेवलं.

शेजारणीच्या मुलीला बीपीचं यंत्र लावायला शिकवलं. अंगणातल्या पायरीला पांढरा पट्टा मारायचं ठरलं. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचं तिच्या नवऱ्याने अंगावर घेतलं. मी दोन महिने जे डोक्यात घेऊन हिंडत होते ते दीड तासात आवरलं. आई म्हणाली, “मी काय वॉर्डात आहे का गं?” पण वही तिने देव्हाऱ्याजवळ ठेवली.

दुपारी निघाले. आई बसस्टँडवर आली नाही, मीच नको म्हटलं. तिळगूळ एक दिवस आधीच हातावर ठेवला. फोटोंचं चौथं पाकीट मास्तरणीला दिलं होतं, त्यातला शपथेचा फोटो तिने आईच्या भिंतीवर लावायला मागून घेतला.

सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेची गर्दी होती, अक्षता सोहळा नुकताच झालेला. एसटी अलीकडेच थांबली आणि मी बॅग ओढत स्टेशनपर्यंत चालले. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, पोरं खांद्यावर, कपाळाला भस्म. (भोगी-संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरातून गाडी पकडायची असेल तर दोन तास हातात ठेवा.) वाटेत एका दुकानातून सोलापुरी चादर घेतली. वजनाचा विचार केला आणि तरी घेतली, ती मी अंगावर घेऊन विमानात बसेन.

१५ तारखेला सकाळी पुण्यात सामान भरत होते. मसाला, आगळ, शेंगाची चटणी, चादर, सगळं खोलीभर. फोनवर फोटो आला, वहीच्या दुसऱ्या पानाचा. गोल अक्षरात:

“सकाळी ७. उपाशीपोटी शुगर १३८. बीपी १३४/८२. काल दोन्ही वेळच्या गोळ्या घेतल्या. भोगीची उरलेली भाजी काल पुन्हा खाल्ली, समज दिली. झोप बरी. तुझी आठवण काढत होत्या. पायरीला पट्टा मारला.”